मोबाइलवर हाताने चित्रे काढून ॲनिमेशन करण्यासाठी नवशिक्याने कोणते ॲप घ्यावे?

नवशिक्याने फ्लिपाक्लिपपासून सुरुवात करावी. ते अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींवर मोफत मिळते आणि स्टायलस (पडद्यावर चित्र काढायचा पेन) नसला तरी बोटाने काम भागते. त्यातील ‘अनियन स्किन’ ही सोय सुरू ठेवली की आधीच्या फ्रेममधील, म्हणजे आधीच्या चौकटीतील, चित्र पुसटसे दिसत राहते, त्यामुळे उडणारा चेंडू पुढच्या फ्रेममध्ये नेमका किती सरकवायचा याचा अंदाज बांधता येतो: उसळीच्या माथ्याशी चित्रे जवळजवळ, जमिनीकडे येताना लांबलांब. निम्मे कसब याच अंतरांत आहे. वेग सेकंदाला १२ फ्रेमचा पुरेसा होतो, कारण चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चालत असला तरी एकच चित्र दोन फ्रेमसाठी वापरण्याची पद्धत हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये जुनीच आहे. तरीही दहा सेकंदांसाठी १२० चित्रे काढावी लागतात, तेव्हा पहिला प्रयोग दोन-तीन सेकंदांचाच असू द्यावा. मात्र मोफत आवृत्तीत तयार व्हिडिओवर ॲपचा वॉटरमार्क उमटतो. तो खपणार नसेल आणि सुरुवातीलाच पैसे मोजण्याची तयारी असेल, तर रफॲनिमेटर पाहावे. दिसायला ते रूक्ष आहे, पण प्रत्येक चित्र पडद्यावर किती वेळ राहावे हे त्यात टाइमलाइनवरच (चित्रांचा क्रम दाखवणाऱ्या पट्टीवरच) सहज बदलता येते.