प्रकृती ‘उत्तम’ की ‘काही खरे नाही’?

प्रश्न : माझ्या वडिलांना ७९ वे वर्ष चालू आहे. त्यांना मधुमेह आणि रक्तदाब आहे, एका डोळ्याने कमी दिसते, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. तरी प्रकृतीची चौकशी केली की ते ‘उत्तम’ म्हणतात. त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान असलेल्या मावशीचे तपासण्यांचे सगळे अहवाल चांगले आहेत, पण ती ‘काही खरे नाही’ असेच सांगते. वडील आजार लपवतात आणि मावशी बाऊ करते, असे समजावे का?

उत्तर : तसे समजू नये. दोघांचेही खरे मानावे. मात्र दोघे एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत, असे गृहीत धरू नये.

‘एकंदरीत तुमची प्रकृती कशी आहे?’ एवढेच विचारून ‘उत्कृष्ट’ ते ‘वाईट’ अशा चार-पाच पर्यायांतून उत्तर घेण्याची पद्धत आरोग्य सर्वेक्षणांत अनेक दशके रूढ आहे, आणि वरवर भाबडा वाटणारा हा प्रश्न कसाला चांगलाच उतरला आहे. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतातल्या ६५ वर्षांवरील व्यक्तींचा मॉसी आणि शपिरो यांनी केलेला अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी स्वतःची प्रकृती वाईट सांगितली होती, त्यांच्यात पुढील काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले, आणि वैद्यकीय नोंदींतून दिसणारी प्रकृती हिशेबात घेतल्यावरही हा फरक उरला. आयडलर आणि बेन्यामिनी यांनी १९९७ मध्ये अशा २७ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा बहुतेक ठिकाणी हेच दिसले. तेव्हा मावशींच्या उत्तराला ‘बाऊ’ म्हणून बाजूला सारणे धोक्याचे आहे.

असे का होते? उत्तर देणारा माणूस मनातल्या मनात बऱ्याच गोष्टींची बेरीज करतो : आजारांची नावे, थकवा, भूक, झोप, कालपर्यंत जमणारी आणि आज न जमणारी कामे, बरोबरीच्या लोकांची अवस्था. उतारवयात या बेरजेत आजाराच्या नावापेक्षा हिंडण्या-फिरण्याला आणि मनःस्थितीला पुष्कळ वजन येते. आपल्या वडिलांच्या लेखी मधुमेह हे आजारपण नसून सकाळची एक गोळी असू शकते. पलंगाच्या कडेला बसून स्वतःचे मोजे स्वतः घालता येतात, जिना चढता येतो, आणि समवयस्कांपैकी कित्येकांना एवढेही जमत नाही, हा त्यांचा हिशेब असेल तर ‘उत्तम’ हे उत्तर प्रामाणिकच आहे.

मावशींचे काय हरवले आहे, ते मात्र अहवालांच्या फायलीत सापडेलच असे नाही. नैराश्य, एकटेपणा, अपुरी झोप, सततची सांधेदुखी, पैशांची चिंता, घरातल्या कोणाची वर्षानुवर्षे चाललेली शुश्रूषा यांपैकी काहीही त्या तीन शब्दांमागे असू शकते. ऐकू कमी येणे हे त्यातले फार दुर्लक्षित कारण. असा माणूस चारचौघांत दोनदा ‘काय?’ विचारतो, तिसऱ्यांदा न ऐकताच हसून मान डोलावतो, आणि पुढे तेथे जाणेच सोडतो. रक्ताच्या कोणत्याही तपासणीत हे उमटत नाही. स्त्रिया सरासरीने पुरुषांहून अधिक जगतात, तरी स्वतःची प्रकृती पुष्कळदा कमी प्रतीची सांगतात, कारण जीव न घेणारी पण रोज छळणारी दुखणी त्यांच्या वाट्याला अधिक येतात.

शिक्षण आणि उत्पन्न कमी असलेल्यांची उत्तरेही सर्वसाधारणपणे खालच्या बाजूची असतात. आयुष्यभराचे कष्ट आणि उशिरा मिळालेले उपचार शरीरावर दिसतातच. पण उलटही घडते, आणि ते मला अधिक अस्वस्थ करणारे वाटते : ज्याला उपचारांची कधी आशाच नव्हती, तो दुखणे हे वयाचेच अंग समजून त्याची तक्रार करत नाही. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये दाखवून दिले, की आयुर्मान आणि साक्षरता यांत पुढे असलेल्या केरळमध्ये लोक आजारांची नोंद अधिक करतात आणि बिहारमध्ये कमी. म्हणून ‘उत्तम’ या उत्तरावर विसंबून वडिलांची डोळ्यांची, पायांच्या संवेदनेची आणि रक्तदाबाची तपासणी लांबणीवर टाकू नये. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही. शिवाय मुलांसमोर दिलेले उत्तर कित्येकदा मुलांना घोर लागू नये म्हणूनच दिलेले असते.

दोघांनाही निवांतपणे, एकेकट्याला, ‘कशावरून असे वाटते?’ असे विचारावे आणि मध्ये न बोलता ऐकून घ्यावे. मावशींचे ऐकणे, झोप आणि मनःस्थिती तपासून घ्यावी, तसेच चालू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. नेहमी ‘उत्तम’ म्हणणारे वडील महिन्याभरात ‘ठीक आहे’वर आले, तर तो बदल डॉक्टरांना आवर्जून सांगावा.

प्रश्न : ‘वयाच्या मानाने प्रकृती कशी आहे?’ असे विचारणे अधिक योग्य नाही का?

उत्तर : तो वेगळाच प्रश्न होतो. वय वाढते तशी साध्या प्रश्नाची उत्तरे खाली येत जातात. ‘वयाच्या मानाने’ म्हटले की मात्र ती बरीच टिकून राहतात, कारण माणूस मग समवयस्कांशी तुलना करतो. त्यात खरी घसरण झाकली जाऊ शकते. कोणताही एक प्रश्न निवडावा, पण दर वेळी त्याच शब्दांत विचारावा.