४३ इंची टीव्ही: फोर-के घ्यावा का?

प्रश्न : जुळे सोलापुरात आमचा हॉल १० बाय १२ चा आहे. सोफ्यापासून टीव्हीची भिंत ९ फूट. ३२ इंची जुना टीव्ही काढून ४३ इंची घ्यायचा आहे. घरात केबलवरच्या मालिका, बातम्या आणि क्रिकेट, एवढंच बघतात. दुकानदार म्हणतो, फोर-केच घ्या, चित्र चौपट स्पष्ट दिसेल. खरंच दिसेल का?

उत्तर : ९ फुटांवरून नाही दिसणार. चौपट असतात ते ठिपके : फुल एचडीत १९२० बाय १०८०, फोर-केत ३८४० बाय २१६०. पण डोळ्याला ते सुटे दिसायला हवेत ना! सोलापुरी चादर हातात घेतली की सूत न् सूत दिसतं. तीच समोरच्या गच्चीत वाळत असली की नुसती नक्षी दिसते. टीव्हीच्या इंचांना ०.१३ ने गुणा. जितके फूट येतील त्याच्या आत बसलात, तरच चांगल्या नजरेला फोर-के सरस वाटेल. ४३ इंचाला हे अंतर साधारण साडेपाच फूट, ५५ ला सात, ६५ ला साडेआठ.

शिवाय तुमच्या केबलवर फोर-के येतंय कुठे? साध्या चॅनेलचं चित्र ७२० बाय ५७६ चं, एचडीचं फार तर १९२० बाय १०८० चं. उरलेले ठिपके टीव्ही अंदाजाने भरतो. स्वस्त सेटवर मालिकेतले चेहरे मेण फासल्यासारखे दिसतात ते त्यामुळेच.

म्हणून आधी सेट-टॉप बॉक्सच्या मागे बघा. लाल-पांढरी-पिवळी वायर असेल तर एचडी पॅकचे पैसे भरूनही चित्र साधंच येतं. पिवळ्या वायरीतून एचडी जातच नाही. एचडी बॉक्स घ्या, एचडीएमआय केबल लावा, बॉक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट १०८०आय (म्हणजे एचडी) करा आणि टीव्हीचा शार्पनेस शून्याजवळ आणा. जुन्या टीव्हीवरही फरक लगेच कळेल.

किमतीत दोन-तीन हजारांचाच फरक असेल तर फोर-के जरूर घ्या, तोटा नाही. पण पॅनेल, म्हणजे पडदा, आयपीएस प्रकारचा आहे की व्हीए, ते विचारून घ्या. दिवाण बाजूच्या भिंतीला असेल तर आयपीएस बरं. व्हीएचा काळा रंग गडद असतो, पण बाजूने बघताना रंग फिके पडतात. खोक्यावरच्या एचडीआरसाठी (उजेड-अंधारातला फरक ठळक दाखवणारी सोय) जास्त पैसे मोजू नका, स्वस्त सेटमध्ये त्याला लागणारी चमकच नसते. दुकानातल्या डेमो व्हिडिओवरून ठरवू नका. तुमचं रोजचं मराठी चॅनेल लावायला सांगा आणि ९ फूट मोजून मागे उभे राहा.