घरातल्या कर्त्या बाईचं नेमकं काम काय असतं? ती थकली की ते कोणी आणि कसं घ्यायचं?

तुम्ही लिहिलंय की आजी ऐंशीच्या पुढे गेलीय, तीन मुलांची घरं अजून तिच्याच शब्दावर चालतात, आणि आता तिचा कारभार कोणाकडे द्यायचा यावरून कुजबुज सुरू आहे. कोणाकडे द्यायचा ते नंतर बघू. आधी काय द्यायचं ते ठरवा, कारण बहुतेक घरं इथेच चुकतात.

कारभार म्हटलं की लोक किल्ल्या, पैसे आणि घरकाम एवढंच धरतात. हे सगळं शिकता येतं. न दिसणारं काम वेगळंच असतं, ते म्हणजे माणसांच्या खबरी गोळा करणं आणि त्यातलं काय, कोणाला, किती सांगायचं ते ठरवणं. तिचा एखादा फोन नीट ऐका. "बरा आहेस ना?" "हो, मजेत." त्या 'मजेत'च्या आधी नातू जरा अडखळला, हे तिने टिपलेलं असतं. ती पुढे काही विचारत नाही. दोन दिवसांनी त्याच्या भावाला एवढंच म्हणते, "जरा जाऊन भेटून ये त्याला." का, ते सांगत नाही. भाऊ जातो, नोकरीची अडचण त्याला कळते, आणि नातवाला आपली चहाडी झाली असं वाटत नाही. हे जमणारा माणूस तुमच्याकडे दुसरा कोण आहे, असा खरा प्रश्न आहे.

समाजशास्त्रात या कामाला 'किनकीपिंग' म्हणतात. आपण नातेजतन म्हणू. कॅरोलिन रोझेन्थल यांनी कॅनडात केलेला त्यावरचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. हे काम करणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत आणि ते बऱ्याचदा आईकडून मुलीकडे जातं, असं त्यात दिसलं. (हत्तींच्या कळपातही म्होरकी हत्तीणच असते. केनियातल्या अंबोसेलीच्या हत्तींवरच्या २००१ सालच्या संशोधनात, म्होरकी जितकी वयस्क तितका कळप ओळखीच्या आणि अनोळखी हत्तींचे आवाज जास्त अचूक ओळखतो, असं आढळलं. तिथेही मोठेपण येतं ते माणसं लक्षात ठेवण्यातून. म्हणजे हत्ती.)

ती गेल्यावर घरं का पांगतात त्याचा हिशोबही सोपा आहे. कुटुंबात २० माणसं असतील तर एकमेकांशी जोड्या होतात १९०. ती असते तेव्हा प्रत्येकाने फक्त तिच्याशी संबंध ठेवला तरी भागतं, १९ धाग्यांत सगळं बांधलेलं राहतं. ती गेली की चुलत भावंडांना एकमेकांना फोन करायला निमित्तच उरत नाही. त्यासाठी भांडण व्हावं लागत नाही.

म्हणून ती धडधाकट असतानाच सुरुवात करा. "सगळं सांग" म्हणून वही घेऊन बसलात तर ती "त्यात काय सांगायचं" म्हणेल, आणि तिच्या बाजूने ते खरंच आहे, कारण माणूस समोर आला की तिला आठवतं, एरवी नाही. तिच्या फोनमधली नावं एकेक करून वाचत जा. एका बैठकीला अर्धा-पाऊण तास पुरे, पाच-सहा नावं होतील. प्रत्येक नावापुढे एवढं लिहा: महत्त्वाच्या तारखा, ती किती दिवसांनी आणि कोणत्या वेळी फोन करते, आजारपण, देणंघेणं, दिलेले शब्द, आणि कोणता विषय काढायचा नाही. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात मोलाचा आणि तोच सगळ्यात घातक. ते पान कोणीतरी कौतुकाने फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतो आणि दहा वर्षं झाकलेलं एका दुपारी उघडं पडतं. तारखांची वही सगळ्यांसाठी, ही वही फक्त एकासाठी.

दिलेल्या शब्दांची शहानिशा तिच्यासमोरच करा. एकच बांगडी दोन नातींना कबूल केलेली निघते. त्यात लबाडी नसते. मधे पंधरा वर्षं गेलेली असतात, इतकंच. दागिने आणि घर यांचं मृत्युपत्र कायदेशीर पद्धतीने साक्षीदारांसमोर करून घ्या. तोंडी पैसे दिले असतील तर देणारा, घेणारा आणि ती, तिघांनी एकदा आकडा बोलून लिहून ठेवावा.

कामं एकाच्या गळ्यात घालू नका. पैसे एकाकडे, औषधं आणि डॉक्टर दुसऱ्याकडे, तारखा आणि फोन तिसऱ्याकडे. मात्र ज्याच्याकडे काम, त्याच्याकडेच अधिकार. मोठ्या सुनेने सगळं करायचं आणि दर खर्चाला चौघांची परवानगी घ्यायची, ही व्यवस्था वर्षभरात मोडते आणि बोल तिलाच लागतो. अमुक रकमेपर्यंत विचारायचं नाही, असा आकडा आधीच ठरवा. रुसवेफुगवे मिटवायचं काम मात्र वाटून देता येत नाही. आजीचा फोन लागला नाही तर लोक आपणहून दुसरा कोणाला लावतात, ते बघा. तो माणूस थोरलाच असेल असं नाही.

बदल एक पूर्ण वर्ष चालू द्या, म्हणजे सगळे प्रसंग एकदा येऊन जातात. सुरुवातीला ती करेल आणि नवा माणूस शेजारी बसेल, मग उलट. एक तरी खरी जबाबदारी शेवटपर्यंत तिच्याकडेच ठेवा. परस्पर ठरवून नंतर तिच्या कानावर घालत गेलात, तर ती एकतर गप्प होईल किंवा प्रत्येक गोष्टीत हात घालेल.

दोन ठिकाणी मात्र थांबू नका. तेच बिल पुन्हा भरलं जातंय, तारखा गोंधळतायत असं दिसलं तर आधी डॉक्टरला दाखवा आणि पैशांचे व्यवहार लगेच हलवा. नातेवाइकांना फोन करायचं काम तिच्याकडून सगळ्यात शेवटी काढा. आणि खबरी गाळता गाळता ती प्रत्येकाला वेगळं सांगत असेल, तर भावंडांनी आपापसांत थेट बोलायला लागावं. तिला जाब विचारत बसू नका, त्यातून काही निघत नाही.

नव्या माणसाचे पहिले फोन अवघड जातात. समोरचा लगेच विचारतो, "काय काम काढलंस?" पहिले तीन-चार महिने फोन तिच्याच वेळेला करा, आणि खरंच काही काम असेल तर त्यासाठी वेगळा फोन लावा.