माझा भाऊ प्रोबेशनवर सुटलाय, वय ३१. शाळा आठवीत सुटली. मुंबईत दहावी करता येईल का?

नक्की येईल. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेच्या दहावीला वयाची वरची मर्यादाच नाही. वर्गात बसून शिकायचं असेल तर रात्रशाळा बघा, दिवसा कामही चालू राहील.

फक्त पेपर आणि परिविक्षा अधिकाऱ्यांकडची (त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या प्रोबेशन ऑफिसरकडची) हजेरी एकाच दिवशी आली, किंवा केंद्र मुंबईबाहेर मिळालं, तर त्यांना आधीच लेखी कळवा. हॉल तिकिटाची झेरॉक्स जोडा, पोच घ्या. तोंडी सांगण्यावर राहू नका.

आणि त्याला हेही सांगा: अटी पाळल्या तर १९५८ च्या प्रोबेशन कायद्याच्या कलम १२ नुसार दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता त्याला लागू होत नाही. ‘शिकून तरी काय, डाग तर लागलाच’ या विचाराने त्याला मागे राहू देऊ नका. मदत लागली तर टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या ‘प्रयास’ या, कैदी आणि सुटून आलेल्यांसाठी काम करणाऱ्या प्रकल्पाकडे जा.