गाडी ओढत नसेल, तर आधी धुराचा रंग पाहावा

प्रश्न : माझा २००५ सालचा टाटा १६१३ टर्बो ट्रक असून चिपळूण परिसरातील जांभ्याचे चिरे कुंभार्ली घाटातून कराडकडे नेण्याचे काम मी करतो. पोफळी सोडल्यानंतरच्या ज्या चढावर भरलेली गाडी वर्षापूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये चालत असे, तेथे आता दुसरा टाकावा लागतो. शिवाय मागे काळ्या धुराचा लोट निघतो आणि लिटरला ५ किलोमीटरचे ॲव्हरेज ४ वर आले आहे. पंप वाढवून घ्या, म्हणजे इंजिनाला डिझेल देणारा पंप जास्त डिझेल सोडेल असा करून घ्या, असे मिस्त्री म्हणतात. तसे करावे का? (एक ट्रकमालक, चिपळूण)

उत्तर : तूर्त पंपाला कोणालाही हात लावू देऊ नये. काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेले डिझेल. याचाच अर्थ, आपल्या इंजिनाला डिझेल कमी पडत नसून हवा कमी पडते आहे, किंवा डिझेल नीट फवारले जात नाही. अशा वेळी पंप वाढवला, तर चार दिवस थोडी ओढ जाणवेलही. पण धूर आणखी दाटेल, ॲव्हरेज आणखी उतरेल आणि वाढलेल्या उष्णतेचा मार पिस्टन व टर्बो यांना सोसावा लागेल.

सुरुवात इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या एअर क्लीनरपासून करावी. किलोमीटर मोजून त्यातील एलिमेंट (कागदी गाळणी) बदलण्याचा नियम चिरेखाणीवर जाणाऱ्या गाडीला लागू पडत नाही, कारण तेथील तांबडी धूळ पिठासारखी बारीक असते आणि एलिमेंट मुदतीच्या कितीतरी आधी गच्च होतो. तो टायरवर आपटून झाडण्याची सवय बहुतेक क्लीनरांना असते, ती मोडावी. त्याने कागदाच्या घड्या फाटतात व रबराची कड वाकडी होते. हवा मारायचीच झाली, तर ती कमी दाबाने आतून बाहेरच्या दिशेने मारावी आणि मग अंधाऱ्या जागी एलिमेंटच्या आत पेटता बल्ब धरून पाहावे. कोठेही सुईच्या टोकाएवढा स्वच्छ ठिपका चमकला, तरी तो एलिमेंट टाकून द्यावा, कारण त्या छिद्रातून जाणारी धूळ थेट लायनर (पिस्टन ज्यात सरकतो ते नळकांडे) घासते.

त्यानंतर टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या सर्व होस पाइपांवरून, विशेषतः त्यांच्या खालच्या बाजूने, गाडी थंड असताना हात फिरवावा. तेथील चीर उभ्या गाडीत दिसत नाही. चढावर दाब आला की ती उघडते आणि टर्बोने दाबलेली हवा बाहेर निघून जाते. क्लिपजवळ तेलकट काळा डाग व त्यावर चिकटलेली धूळ दिसली, तर गळती तेथेच आहे असे समजावे. गाडीला एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून वेग कमी करणारा) असल्यास त्याची पाकळी पूर्ण उघडते की नाही, हेही पाहावे. ती अर्ध्यात अडकली, तर धूर बाहेर पडायला वाट उरत नाही आणि लक्षणे नेमकी आपण लिहिली आहेत तशीच दिसतात.

हवेची बाजू निर्दोष निघाली, तरच डिझेल फवारणारे नोझल काढून टेस्टिंगला द्यावेत. थेंब टाकणारा नोझल धूर तर करतोच, शिवाय पिस्टनही जाळतो. परत बसवताना तांब्याचे वॉशर नवेच वापरावेत आणि जुना वॉशर खाली चिकटून राहिलेला नाही, याची खात्री करावी. त्याच वेळी इंजिन थंड असताना गेज पट्टी लावून, कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने टॅपेट करून घ्यावेत, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवून घ्यावी. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून निश्चिंत राहणारे पुष्कळ आहेत. वास्तविक घट्ट टॅपेट आवाज करीत नाही, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसू देत नाही आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील हवेचा दाब) गळते. एवढे सर्व करूनही धूर राहिला, तर पंप कॅलिब्रेशन यंत्रावर कंपनीच्या मापाने तपासून घ्यावा. गाडीवरच स्क्रू फिरवून वाढवू नये.

प्रश्न : माझी जुनी गाडी सकाळी उत्तम चालते, तीन-चार तासांनी मात्र ओढ जाते. धूर अजिबात नसतो. थोडा वेळ थांबले की पुन्हा ठीक. फिल्टर नुकतेच बदलले आहेत. (एक चालक, बार्शी)

उत्तर : आपली तक्रार वरच्या तक्रारीच्या अगदी उलट आहे. धूर नाही, याअर्थी डिझेलच कमी पोहोचत असावे. पुढच्या वेळी ओढ गेली, की गाडी बाजूला घेऊन टाकीचे झाकण उघडावे. आत हवा शिरल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि गाडी लगेच सुधारली, तर झाकणाचे श्वासछिद्र धुळीने बुजले आहे. ते साफ करावे किंवा झाकण बदलावे. सुस्कारा आला नाही, तर टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपावरील छोटी जाळी काढून धुवावी. नवे फिल्टर टाकताना ती हमखास विसरली जाते.