वाचनालयातल्या मासिक-साप्ताहिकांच्या वर्गण्या आणि अंक कसे सांभाळावेत?

तुम्ही लिहिलंय की नाशिकमधल्या एका अनुदानित वाचनालयात नुकतेच ग्रंथपाल म्हणून रुजू झालात, साठेक नियतकालिकं येतात, आधीच्या ग्रंथपालांची एकच वही हाती आली आहे, आणि कुठली वर्गणी कधी संपते, कुठला अंक आलाच नाही, हे तिच्यातून कळत नाही. सुरुवात कुठून करू, असं विचारलंय.

मी याच शहरात एका सार्वजनिक वाचनालयात एकोणीस वर्षं नियतकालिक विभाग पाहते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या वहीबद्दल. अशी वही बहुतेक वाचनालयांत असते. तिच्यात आलेल्या अंकांची तारखेवार नोंद असते: अमुक तारखेला ‘साधना’ आला, ‘किशोर’ आला, ‘लोकराज्य’ आला. नोंद खरी असते, पण जो अंक आला नाही त्याची ओळच तिच्यात नसते. पुस्तकाचे पैसे दिले की पुस्तक हातात येतं आणि व्यवहार संपतो. मासिकाचे पैसे आधी जातात आणि अंक वर्षभर एकेक करून येत राहतात. बारातला एखादा गळला तर सांगायला कुणी येत नाही. न आलेला अंक आपल्याला दिसला पाहिजे, एवढी सोय आधी करा.

मला हे एका माणसामुळे कळलं. ऑक्टोबरचा शेवट होता. दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार आले. छाटणी होऊन गेलेली, त्यावर पाऊस झालेला, वेलींवर डावणी रोग दिसायला लागलेला. आदल्या वर्षी याच सुमारास एका शेतीच्या मासिकात त्यांनी आमच्याकडेच बसून लेख वाचला होता असं त्यांना वाटत होतं, तो अंक हवा होता. मी गठ्ठा सोडला. सप्टेंबर होता, नोव्हेंबर होता, मधला ऑक्टोबर नव्हता. वही उलटून पाहिली तर तो अंक आमच्याकडे कधी आलेलाच नव्हता. वाचला असेल तर त्यांनी दुसरीकडे कुठेतरी वाचला असेल. पण वर्षभर तो अंक नाही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मासिकाच्या कचेरीत फोन केला तेव्हा प्रती संपल्या होत्या. ते गृहस्थ काही बोलले नाहीत, “असू द्या ताई” म्हणाले आणि चपला घालून निघाले. मला ते अजून लागतं.

त्यानंतर मी कार्डं केली. पद्धत भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांची आहे. नियतकालिकांसाठी त्यांनी तीन कार्डं सांगितली आहेत: नोंदीचं कार्ड, तपासणीचं कार्ड आणि विषयवार सूचीचं कार्ड. ग्रंथालयशास्त्र शिकताना आपण सगळेच हे परीक्षेसाठी पाठ करतो आणि नोकरी लागली की विसरतो. तुमच्या अडचणीवर खरा इलाज त्यातलं तपासणीचं कार्ड आहे. बुटांच्या खोक्याएवढा एक खोका घ्या, त्यात महिन्याच्या आठवड्यांचे पुठ्ठे उभे करा. ज्या मासिकाचा अंक ज्या आठवड्यात यायला हवा, त्याचं कार्ड त्या पुठ्ठ्यामागे ठेवा. अंक आला की कार्डावर टिपायचं आणि कार्ड पुढच्या महिन्याच्या गठ्ठ्यात टाकायचं. साप्ताहिकाचं कार्ड पुढच्या आठवड्यात सरकेल. शनिवारी खोका उघडलात की त्या आठवड्याच्या पुठ्ठ्यामागे जी कार्डं उरली असतील, तेच तुमचे न आलेले अंक. साठ नियतकालिकांना दिवसाची पंधरा मिनिटं पुरतात.

अंक कधी यायला हवा, हे त्या अंकावरच लिहिलेलं असतं. टपालाच्या सवलतीच्या दराने जाणाऱ्या नोंदणीकृत मासिकांवर, बहुधा शेवटच्या पानाच्या तळाशी किंवा मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात, नोंदणी क्रमांकाजवळ टपालात टाकण्याच्या तारखा बारीक अक्षरात छापलेल्या असतात. कुणाची ५ आणि ६, कुणाची १० आणि ११. पुण्या-मुंबईच्या अंकासाठी त्यात पाच दिवस धरा, दिल्लीच्या अंकासाठी दहा. त्यावरून कार्ड कुठल्या आठवड्यात ठेवायचं ते ठरतं.

आणि आजच्या टपालापासून अंकाचं वेष्टन फाडून टाकू नका. पत्त्याच्या चिठ्ठीवर वर्गणीदार क्रमांक असतो आणि पुष्कळदा वर्गणी कुठल्या महिन्यात संपते तेही असतं. ती चिठ्ठी कापून कार्डाच्या मागे चिकटवा. महिनाभरात साठांपैकी निम्म्या तरी वर्गण्यांची मुदत तुम्हाला कुणालाही न विचारता कळेल. उरलेल्यांसाठी कचेऱ्यांना फोन करा. चिठ्ठीवरचा पिनकोडही वाचा. आमचं एक पाक्षिक सतत आठ-दहा दिवस उशिरा यायचं. मी सगळा दोष टपालाला देत होते. शेवटी चिठ्ठी पाहिली तर ४२२००१ च्या जागी ४२२१०१ छापलेलं. अंक दर वेळी नाशिकरोडला जाऊन परत गावात येत होता. एका आकड्याची दुरुस्ती कळवली आणि तक्रार संपली.

अंक आला नाही असं दिसलं की लगेच पत्र लिहायला बसू नका. आधी घरात शोधा: वाचनकक्षातल्या टेबलांवर, कार्यवाहांच्या खोलीत, खालच्या दुकानात पोस्टमनने ठेवलाय का. मग जोडअंक आहे का ते बघा. मराठी मासिकांत मे-जूनचा जोडअंक किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर मिळून दिवाळी अंक ही नेहमीची गोष्ट आहे. महिन्यावर जाऊ नका, ‘वर्ष’ आणि ‘अंक’ यांच्या आकड्यांवर जा. एप्रिलचा अंक ४ असेल आणि पुढच्यावर ५-६ लिहिलं असेल तर काहीच गहाळ झालेलं नाही. आकडा मात्र तुटला असेल तर महिन्याच्या आत कळवा. मासिकवाले शिलकी प्रती फार दिवस ठेवत नाहीत, जागा कुणाकडेच नसते. पत्रात वर्गणीदार क्रमांक, पावतीची तारीख, वर्ष आणि अंक, आणि पिनकोडसह पूर्ण पत्ता एवढं हवं. चार ओळी पुरतात. भाषा सौम्य ठेवा. मराठी मासिकांच्या कचेरीत दोन-तीनच माणसं असतात आणि ती आपल्याइतकीच जीव लावून काम करतात. व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं तरी चालतं, फक्त कधी कळवलं ते कार्डावर पेन्सिलीने लिहा.

वर्गणी थेट भरायची की एजन्सीमार्फत? माझं मत स्पष्ट आहे: मराठी नियतकालिकांची थेट. एका वर्षी आमच्या कार्यकारी मंडळाने काम वाचावं म्हणून सगळ्या वर्गण्या बाहेरगावच्या एका एजन्सीला एकरकमी दिल्या. मेपर्यंत अंक आले, मग बंद. कचेऱ्यांना विचारलं तर त्यातल्या बऱ्याच ठिकाणी आमच्या नावाची वर्गणी सहाच महिन्यांची भरलेली. पैसे परत आले नाहीत. इंग्रजी आणि परदेशी नियतकालिकांना एजन्सीशिवाय इलाज नसतो, पण तेव्हाही पैसे दिल्यापासून दोन महिन्यांत प्रत्येक नियतकालिकाचा वर्गणीदार क्रमांक मागून घ्या. देत नसतील तर पुढच्या वर्षी दुसरी एजन्सी बघा. यूपीआयने पैसे पाठवताना आणखी एक: पैसे पोचतात, पण ते कुणाचे हे समोरच्याला कळत नाही. त्याच दिवशी व्यवहार क्रमांक आणि पत्ता ईमेलने पाठवा आणि पावती मागा. पावतीशिवाय लेखापरीक्षणात उत्तर देता येत नाही.

पैशांचा खरा तिढा वर्षांचा आहे. वर्गणी बहुधा जानेवारी ते डिसेंबर, आपला हिशोब एप्रिल ते मार्च, आणि अनुदान त्याच्या वेळेने. माझा उपाय असा: साठ वर्गण्या साठ वेगवेगळ्या तारखांना संपतात, त्या हळूहळू एका महिन्यावर आणायच्या. जी ऑगस्टमध्ये संपते तिचे पुढच्या डिसेंबरपर्यंतचे सोळा महिन्यांचे पैसे किती होतात ते विचारायचं. बहुतेक जण आनंदाने घेतात. दोन वर्षांत सगळं जानेवारीवर येतं. मग ऑक्टोबरमध्ये यादी, नोव्हेंबरमध्ये मंडळाची मंजुरी, डिसेंबरमध्ये पैसे. तुमच्या वाचनालयाला १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता असेल, तर अ, ब, क, ड यांतल्या तुमच्या वर्गासाठी दैनिकं आणि नियतकालिकं किती असावीत याची किमान संख्या ठरलेली आहे. यादीत काटछाट करताना तो आकडा समोर ठेवा, नाहीतर तपासणीच्या वेळी अडचण येते.

तीन वर्षांची वर्गणी स्वस्त पडते म्हणून सरसकट भरू नका. २०२० च्या टाळेबंदीत किती मासिकांचे छापील अंक थांबले ते आठवा. काही पीडीएफवर गेली, काही परत आलीच नाहीत. जी वर्षानुवर्षं तारखेला येतात त्यांची तीन वर्षांची भरा, नव्यांची एकेक वर्षाची. पण नव्यांची भराच. एखाद्या छोट्या मासिकाला आपल्या गावात चारच वाचक असतील, तरी वाचनालयाच्या वर्गणीवर ते तग धरतं. खप पाहून यादी करायची तर स्टॉल आहेतच की.

सॉफ्टवेअरचं विचारलं नाहीत, तरी सांगते. कोहा हे ग्रंथालयांसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याच्या नियतकालिक विभागात एकदा क्रम भरला की पुढचे अंक ते स्वतः मांडतं आणि अपेक्षित, आलेला, उशीर झालेला, गहाळ असे शेरे ठेवतं. पण आधी सहा महिने कार्डांवर काढा. कुठलं मासिक कसं वागतं हे हाताला कळलं की संगणकात क्रम बरोबर भरला जातो. तुमच्या सभासदांत महाविद्यालयातले प्राध्यापक असतील, तर केंद्राच्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेबद्दल ते विचारतील. २०२५ पासून सुमारे १३ हजार संशोधनपत्रिका तिच्यातून सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना मिळतात. सार्वजनिक वाचनालयांसाठी ती नाही, तेव्हा त्या आशेवर काही बंद करू नका.

दैनिकांना हजेरीपत्रक लावा, विक्रेत्याचं बिल त्याच्याशी ताडून द्या, रद्दीचे पैसे जमेला दाखवा.

बांधणीबद्दल मात्र काळजीने वागा. सगळंच बांधायला पैसे नसतात, म्हणून काय कायम ठेवायचं याची यादी मंडळाकडून मंजूर करून घ्या: वाङ्मयीन मासिकं, दिवाळी अंक, आणि नाशिकमधून निघणारं जे काही असेल ते सगळं. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झालं, आजही त्याच्या फायली मागत विद्यार्थी येतात. आणि १८४० पासून सार्वजनिक वाचनालय असलेल्या या गावात लोक जुनी फाईल हक्काने मागतात. बाइंडरला मुखपृष्ठं आणि जाहिराती काढू देऊ नका, कडा जास्त कापू देऊ नका. एखादा अंक मिळालाच नसेल तर त्या जागी कोरा कागद घालून त्यावर लिहा, ‘अंक ४ प्राप्त नाही’. पुढच्या माणसाचा शोध तिथे थांबतो. गठ्ठे पावसाळ्याआधीच बाइंडरकडून परत आणा, दमट कागद बांधला की आत कसर धरते.

आणि आधीच्या ग्रंथपालांना एकदा घरी जाऊन भेटा, वही बरोबर घेऊन. काही अंक भेट म्हणून येत असतात, संपादकांच्या नाहीतर एखाद्या सभासदाच्या प्रेमापोटी. त्यांची पावती नसते, वर्गणी नसते, त्यामुळे ते कुठल्याच हिशोबात दिसत नाहीत. ते कुठून आणि कुणामुळे येतात हे त्यांनाच ठाऊक असेल. ती नावं लिहून घ्या, त्यांचीही कार्डं करा, आणि वर्षातून एकदा पोच आणि आभाराचं पत्र पाठवा.