आधी बार, मग कलेजी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कारवानी जातीच्या कुत्रीबद्दलचं, हरणीबद्दलचं, पत्र मिळालं. डुकरं पांगवायची बंदूक मामांनी सासवडच्या मळ्यात तिच्या शेजारी उभं राहून उडवली, वर "शिकारी जात आहे, दणका बसला की होते सवय" असंही म्हणाले, आणि तेव्हापासून ती कोथरूडच्या घरात कुकरच्या शिट्टीलाही पलंगाखाली जाते. आता येत्या रविवारी मामा आणखी दोन-चार बार काढणार आहेत. ते आधी थांबव. बाकीचं पत्र नंतर वाचलंस तरी चालेल.

आवाज लहान असला आणि त्यातून वाईट काही निष्पन्न झालं नाही, तर सवय होते. कानठळ्या बसवणारा आवाज, तोही गळ्यात दोरी असताना, म्हणजे पळायची सोय नसताना, वारंवार ऐकवला तर भीती घट्ट होत जाते. तिसऱ्या-चौथ्या बाराला कुत्रं हलेनासं होतं आणि लोक म्हणतात, बघा, सरावलं. ते सरावलेलं नसतं, थिजलेलं असतं. पुढच्या वेळी नुसती बंदूक बाहेर काढली तरी ते लघवी करतं, तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटतं.

मामांना आणखी एक सांग. कारवानी हा बंदुकीचा कुत्रा कधीच नव्हता. तो नजरेवर धावणारा. ससा दिसला की सुटायचं, पायांच्या जोरावर गाठायचं. बंदुकीबरोबर काम करणारे ते स्पॅनियल, पॉइंटर, लॅब्राडोर. कुणी पक्षी हुडकून दाखवायचा, कुणी उठवायचा, माणसाने पाडायचा आणि कुणी तो शोधून आणायचा. बाराला बिचकणारा कुत्रा त्या कामात कुचकामी, म्हणून बिचकू न देण्याची रीत त्या लोकांनीच नीट बसवली. आणि त्यांच्यातला कुणीही जाणता माणूस पिल्लाच्या कानाशी बार काढत नाही. पिल्लू खेळात किंवा खाण्यात रमलेलं असताना, बरंच लांबून, बारीक आवाजाने सुरुवात होते. आपल्याकडे तर शिकारीचा प्रश्नच नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात सशामागे कुत्रं सोडणंसुद्धा शिकारीतच मोडतं. हरणीला बंदूक सोसायची गरज नाही. तिला ढोल, लग्नातले फटाके, दिवाळी आणि अधूनमधून तो मळा एवढं सोसता आलं तरी पुष्कळ.

आता रीत सांगतो. दिसायला सोपी आहे, चुकते मात्र एकाच जागी, म्हणून तिथे रेंगाळतो. आधी आवाज, मग खाणं. लोक उलटं करतात. कलेजीचा डबा उघडतात, तिला हुंगवतात आणि मग आवाज करतात. चार दिवसांत कुत्र्याच्या लक्षात येतं की डबा उघडला की दणका येतो, आणि ते डब्यालाच घाबरू लागतं. तू खिशात उकडलेल्या कोंबडीच्या कलेजीचे बारीक तुकडे ठेव आणि काही घडत नसल्यासारखं उभं राहा. आवाज झाला की लगेच, एक-दोन सेकंदांत, तुकडा तोंडात. "बस", "हात दे" असलं काही करून घ्यायचं नाही. ती कमाई नव्हे. आवाज झाला म्हणून कलेजीचा पाऊस पडला, एवढंच तिला कळलं पाहिजे. ही कलेजी एरवी घरात कधीही द्यायची नाही.

सुरुवात घरातून, बाराच्या ध्वनिमुद्रणावर. मोबाइलच्या स्पीकरमधून खालचा घुमारा येत नाही, म्हणून जरा बरा स्पीकर घे. आवाज इतका कमी ठेव की तुलाच नीट ऐकू येणार नाही. कुत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी वरच्या पट्टीचं ऐकू येतं. आपली मजल 20 हजार हर्ट्झपर्यंत, त्याची 40 हजारांच्याही पलीकडे. कान नुसता हलला तर आवाज योग्य आहे. तिने ओठ चाटले, उगाच जांभई दिली, कान मागे चिकटवले किंवा शेपूट पोटाखाली घातली, तर जास्त झाला. आणि कलेजी नाकारली तर फारच जास्त झाला, त्या दिवशी तिथेच थांबायचं. मापकयंत्र घेऊ नकोस, तिचं खाणं हेच माप. आवाज झाल्यावर ती वळून तुझ्या खिशाकडे बघू लागली की एक पायरी वर जा. एका बैठकीत तीन-चार आवाज पुरेत, आणि तेही ठरावीक अंतराने नकोत.

स्पीकरवर सरावलेलं कुत्रं खऱ्या बाराला सरावलेलं असतंच असं नाही. खऱ्या बारात आवाजाबरोबर हवेचा धक्का असतो, तो यंत्रातून येत नाही. म्हणून पुढची पायरी टिकल्यांच्या पिस्तुलाची. गावाबाहेरचं मोकळं माळरान बघ, मालकाला विचारून घे. वेताळ टेकडी या कामाला नको, तिथले मोर आणि फिरायला येणारे आजोबा दोघेही दुवा देणार नाहीत. सासवडचा मळाही आत्ता नको. तिथे तिला जागेचीच धास्ती बसली आहे, तो सगळ्यात शेवटी.

भावाला दोनशे पावलांवर उभा कर, पिस्तूल टॉवेलात गुंडाळून. मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. वस्तीत हा हिशेब लागत नाही, भिंती आवाज परतवतात. भावाला हाताने खूण करू नकोस. तुझा हात वर गेला की दणका येतो, हे हरणी तुझ्या आधी शिकेल. त्याने मनाला येईल तेव्हा उडवावं आणि तुलाही ते अचानकच कळावं. ती चिंधीमागे पळत असताना, म्हणजे दोरीला बांधलेली चिंधी तू गोल फिरवतोस तेव्हा, आवाज झाला तर उत्तम. नजरेवर धावणाऱ्या जातीला पाठलागात दुसरं फारसं काही सुचत नाही. मग टॉवेल काढायचा, मग अंतर दहा-वीस पावलांनी कमी करायचं. या दोन गोष्टी एकाच दिवशी कधीही करायच्या नाहीत. एखाद्या दिवशी ती बिचकली तर दोन पायऱ्या खाली उतर आणि सोप्या आवाजावर दिवस संपव.

या सगळ्या काळात ती मोकळी सोडायची नाही. कारवानीचं डोकं मानेपेक्षा अरुंद, साधा पट्टा कानांवरून सटकन निघतो, आणि घाबरून सुटलेली कारवानी तू पळत गाठशील हे विसर. छातीला बसणारा हार्नेस, त्याला लांब दोरी आणि गळ्यात फोन नंबर कोरलेला बिल्ला, हे आजच आण.

ढोल-ताशा वेगळा. तो एकदम कोसळत नाही, चालू राहतो आणि हळूहळू चढतो, त्यामुळे शिकवायला बराच बरा. पथकांचा सराव नदीकाठी सुरू झाला की संध्याकाळी लांबून जा. ताल नुसता कानावर येईल इतक्या अंतरावर तिच्याबरोबर बसून राहा, कलेजी चालू, आणि दहा मिनिटांत परत. रोज थोडं जवळ. गणपतीत मात्र लक्ष्मी रोडवर न्यायचं नाही, हौस म्हणूनसुद्धा नाही.

दिवाळी ही शिकवायची वेळ नव्हेच. 4 मीटरवर 125 डेसिबलपर्यंतचा फटाका कायदेशीर आहे, आणि गल्लीतल्या सुतळी बॉम्बला कायदा कुठे वाचता येतो? तेव्हा तिला फक्त पार पाडायचं. अंधार पडायच्या आत फिरवून आण, जेवण लवकर दे, आतल्या खोलीच्या खिडक्या बंद करून पंखा आणि टीव्ही चालू ठेव. ती बाथरूममध्ये जाऊन बसली तर तिथेच सतरंजी टाक, दार उघडं ठेव, ओढून बाहेर काढू नकोस. तुला चिकटली तर चिकटू दे. जवळ घेतल्याने भीती वाढते हे तुला कुणीतरी सांगितलं आहे, ते मनावर घेऊ नकोस. भीती म्हणजे खोडी नव्हे, लाडाने ती पक्की होत नाही. फक्त तिला उठून जायचं असेल तर धरून ठेवू नकोस.

डॉक्टरांकडे दिवाळीच्या आदल्या दिवशी धावायचं नाही, आत्ताच जा. दोन कामं आहेत. एक म्हणजे सांधे आणि कान तपासून घे. दुखणं असलेलं कुत्रं आवाजाला जास्त बिचकतं, दचकून अंग आखडलं की दुखणं आणखी जाणवतं. दुसरं औषध. आज चांगली औषधं मिळतात, आणि ती देणं म्हणजे हार नव्हे, भीतीने थरथरणारं कुत्रं काहीच शिकत नाही. पण नुसतं अ‍ॅसिप्रोमॅझिन लिहून दिलं तर दुसरं काही चालेल का, ते नम्रपणे विचार. त्याने अंग सुस्तावतं, भीती आत तशीच राहते, आणि आपल्याला वाटतं शांत झोपली आहे. जे काही ठरेल त्याचा एक डोस शांत दिवशी देऊन बघ. आपल्या घरातल्या माणसांच्या गोळ्या अजिबात नकोत.

मामांशी भांडू नकोस. त्यांचा जीव आहे तिच्यावर, उगाच का पिल्लू घेऊन दिलं? त्यांना कलेजी उकडायला सांग आणि शेवटी मळ्याची पाळी येईल तेव्हा तिथे ती त्यांच्याच हातून खाऊ दे. बंदूक कपाटात. कित्येक रविवार नुसतं तेवढंच.

पहिल्या आठवड्याचा व्हिडिओ पाठव. कॅमेरा भावावर नको, हरणीच्या कानांवर आणि शेपटीवर धर, म्हणजे आवाज किती ठेवायचा ते मला इथून सांगता येईल.

तुझा,
काका

ता. क. कुकरची शिट्टीसुद्धा वाया घालवू नकोस. शिट्टी झाली की एक तुकडा. आईला आधी सांगून ठेव, नाहीतर कलेजी फोडणीत जायची.